निटेड कापडाचं सिम्युलेशन: सूत मॉडेल करावं की कापड?

निटेड कापड, म्हणजे टी-शर्ट-स्वेटरसारखं सुताचे लूप एकमेकांत गुंफून विणलेलं कापड, ताणल्यावर कसं वागतं हे कॉम्प्युटरवर बघायचं तर दोन वाटा आहेत. एक, लूपमधलं सूत बीम एलिमेंटने (वाकू शकणाऱ्या छोट्या दांड्यांच्या साखळीने) उभं करून ते घर्षणासकट सोडवायचं. दुसरी, कापड सलग शेल, म्हणजे पातळ एकसंध पत्रा, मानून वेल (लूपच्या उभ्या रांगा) आणि कोर्स (आडव्या ओळी) या दिशांना वेगवेगळा ताठपणा द्यायचा. मी दोन्ही वापरल्या आहेत.

अख्खा कपडा अंगावर कसा बसतो, दाब कुठे पडतो, एवढंच हवं असेल तर शेल सोयीचं. मेश (मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी) विरळ चालते, उत्तर लवकर मिळतं. सुताच्या मॉडेलमध्ये हे सुख नाही. स्प्लाइनने (गुळगुळीत वक्ररेषेने) काढलेले लूप दिसायला सुबक, पण मोठं करून पाहिलं तर गुंफणीच्या जागी एक सूत दुसऱ्याच्या पोटात घुसलेलं असतं. ही घुसखोरी आधी हळूहळू सोडवायची, लूप शिथिल होऊ द्यायचे, मगच ताण द्यायचा. घाई केली की सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) टाइम स्टेप, म्हणजे गणितातली वेळेची पायरी, निम्मी-निम्मी करत शेवटी हात टेकतो.

तरीही मी सुताकडे वळलो, ते लूपच्या लांबीमुळे. शेलचे गुणांक, म्हणजे त्याच्या ताठपणाचे आकडे, येतात कुठून? नमुना विणून, शिथिल करून, मशीनवर ओढून. मग कुणीतरी म्हणतं, ‘वीण जरा घट्ट करू या,’ आणि ते सगळे गुणांक बाद! वस्त्रसंशोधक मन्डनने 1959 मध्येच मांडलं होतं की शिथिल कापडात टाक्यांची घनता लूपच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे लूप 5 टक्के आखूड केला तर घनता जवळजवळ 11 टक्के वाढते. पुन्हा विणा, पुन्हा ओढा, पुन्हा आलेख जुळवा. त्यातही उभं-आडवं जुळतं आणि तिरकं ओढलं की फसतं. न विणता कळावं म्हणून सिम्युलेशन करायचं, आणि त्यासाठी आधी विणायचं, हे मला काही पटेना.

सुताच्या मॉडेलमध्ये लूपची लांबी हा नुसता एक आकडा. तो बदलला की मॉडेल पुन्हा शिथिल करायचं, बस. सुताचा वाकण्याला होणारा विरोध आणि घर्षण एकदा मोजलं की बरंच भागतं. निटेड कापडात आधी लूप आकार बदलतात, सरकतात. सूत स्वतः ताणलं जातं ते नंतर. भौतिकशास्त्रज्ञ प्वँक्लू आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सूत लांबतच नाही असं धरून, वाकण्याच्या ऊर्जेवरच सारी भिस्त ठेवली, तरी गणित प्रयोगाशी जुळलं. सिंगल जर्सीच्या (टी-शर्टच्या साध्या विणीच्या) बाजूच्या कडा मागे वळतात, वरच्या-खालच्या पुढे. तेही सुतातून आपोआप येतं. शेलमध्ये वरून घालावं लागतं.

अर्थात अख्ख्या कपड्यासाठी मीही शेलच घेतो, फक्त गुणांक सुताच्या छोट्या, आवर्ती कडांच्या युनिट सेलवरून (सगळीकडे तसाच पुन्हा येतो असं मानलेल्या विणीच्या तुकड्यावरून) काढतो. साध्या लवचिक शेलमध्ये घर्षणाचं हिस्टेरेसिस (ताणताना आणि सोडताना वेगळं वागणं) हरवतं. ते महत्त्वाचं असेल तिथे तेवढ्या भागापुरतं सूतच ठेवावं. तुमची वीण एकदा ठरली की बदलत नसेल, तर मात्र एवढा खटाटोप कदाचित नको. नमुना ओढून शेल वापरा.