दारामागची बूटपिशवी पास, अंड्यांचा ट्रे नापास

घर लावायला नवे डबे आणण्याआधी घरातल्याच वस्तू पुन्हा वापराव्यात, असं सगळेच सांगतात. त्यातल्या बऱ्याच युक्त्या फोटोपुरत्या असतात. आमची कसोटी साधी आहे: वस्तू एका हाताने काढता आणि ठेवता आली पाहिजे. झाकण उघडा, वरचा डबा उचला, मग खालचा काढा, असं करावं लागलं की घरातलं कोणीही वस्तू जागेवर ठेवत नाही. मुलांना उगाच दोष देऊ नये.

या कसोटीवर पहिला नंबर दारामागे टांगायच्या, कप्प्यांच्या बूटपिशवीचा. गंमत म्हणजे बुटांसाठी ती फारशी बरी नाही. मोठ्या मापाचा बूट अर्धा बाहेर राहतो आणि माती खालच्या कप्प्यात गळते. पण मोजे, टोप्या, कंगवे, चार्जर, टॉर्च, चिकटपट्ट्या, शिवणाचं सामान अशा बिनघराच्या वस्तूंना २४ कप्प्यांची एक पिशवी पुरते. पारदर्शक कप्पे असतील तर लेबलंही लागत नाहीत.

अडचण येते ती आकड्यांची. पिशवीसोबतचे पत्र्याचे आकडे दाराच्या वरच्या काठावर बसतात आणि फट कमी असेल तर दार चौकटीत घासतं, कधी बंदच होत नाही. पिशवी लावण्याआधी आकड्याइतक्या जाडीचा पुठ्ठा त्या जागी ठेवून दार लावून बघा. अडलं तर आकडे काढून टाका आणि पिशवीच्या वरच्या भोकांतून वॉशर घालून स्क्रू मारा. पोकळ दार असेल तर स्क्रू अगदी वरच्या काठाजवळ घ्या. भरीव लाकूड तिथेच असतं, खाली मारलेला स्क्रू थोड्याच दिवसांत सैल होतो. आकडेच वापरायचे असतील तर त्यांच्या आत फेल्टची पट्टी चिकटवा, म्हणजे रंग खरवडणार नाही. दार उघडताना पिशवी आपटत असेल तर खालचे दोन कोपरे वेल्क्रोने दाराला धरून ठेवा. भार सगळीकडे सारखा पसरा. एका बाजूला जड सामान कोंबलं की पिशवी तिरकी होते आणि त्या बाजूची शिवण उसवते. लहान मूल असलेल्या घरात कात्री, बटणासारखे सेल आणि औषधं अशा उघड्या कप्प्यांत ठेवूच नयेत, वरच्या ओळीतसुद्धा नाही. मूल खुर्ची ओढून आणतंच.

दुसरा नंबर उभ्या फाइल-स्टँडचा. कागद ठेवायचा हा स्टँड आडवा पडला की भांड्यांच्या झाकणांचा आणि चॉपिंग बोर्डांचा स्टँड होतो, उभा ठेवला की फॉइलचे रोल त्यात बसतात. प्लॅस्टिकचा किंवा जाळीचाच घ्या. पुठ्ठ्याचा स्टँड ओल्या झाकणांनी लवकर मऊ होतो. कपाटाच्या दाराला आतून लावायचा असेल तर आधी आतली फळी दारापासून किती मागे आहे ते मोजा. स्टँड १० सेमी खोल आणि मोकळी जागा ८ सेमी असेल, तर दार लागणार नाही. ही चूक स्क्रू मारून झाल्यावरच लक्षात येते.

बुटांची खोकी ड्रॉवरमधले कप्पे म्हणून उत्तम, पण मोजून कापली तरच. ड्रॉवरची आतली उंची मोजा, त्यातून ५ मिमी वजा करा आणि खोक्याला चारही बाजूंनी त्या उंचीवर पेन्सिलीची रेघ ओढा. कटरने एका दमात आरपार कापू नका; पट्टी धरून दोन-तीन हलके हात फिरवा, कड सरळ येते. खोकी एकमेकांना बाइंडर क्लिपने जोडा. गोंदाने चिकटवलीत तर उद्या मांडणी बदलता येणार नाही. शेवटी जी बोटभर फट उरते तिथे उरलेला पुठ्ठा दुमडून खोचा, नाहीतर ड्रॉवर ओढला की सगळे कप्पे मागे सरकतात. सिंकखाली आणि बाथरूममध्ये पुठ्ठा अजिबात नको. ओल धरते, नालीदार पुठ्ठ्याच्या पोकळीत झुरळं लपतात आणि कसर त्यातला स्टार्चचा गोंद खाते.

सिंकखाली स्प्रिंगचा दांडा चांगला चालतो. पडद्याचा जुना दांडा दोन भिंतींत ताणून बसवायचा आणि फवारणीच्या बाटल्या त्यांच्या खटक्याने त्यावर अडकवायच्या. दांडा जितका लांब ताणाल तितका भार कमी पेलतो, म्हणून रुंद कपाटात तो मधोमध वाकून निसटतो. चार बाटल्यांच्या वर जाऊ नका.

फळीच्या खाली बरणीचं झाकण ठोकून बरणी त्यात फिरवून बसवायची युक्ती खिळे-स्क्रूंसाठी पास, पण झाकणाला दोन स्क्रू हवेतच. एकाच स्क्रूवर बरणी उघडायला गेलं की झाकणही सोबत फिरतं. फळी १८ मिमीची असेल तर स्क्रू १५ मिमीपेक्षा लांब नको, टोक वर निघतं. डोक्यावर काच टांगण्यापेक्षा प्लॅस्टिकची बरणी बरी. बरणीला वास राहिला असेल तर तो बहुधा झाकणातल्या चकतीत असतो. काच कितीही घासली तरी जात नाही.

चादरींचा सेट त्याच्याच उशीच्या अभ्र्यात घालून ठेवणं, याला दहापैकी दहा. चादर पूर्ण वाळलेली असावी, एवढंच. रिकाम्या कागदी नळकांड्यात वायर ठेवणंही छान. वायर तळहाताएवढ्या सैल वळशांत गुंडाळा, प्लगजवळ घट्ट पीळ दिला की आतली तार तिथेच तुटते. टेबलाच्या कडेला बाइंडर क्लिप लावून वायर अडकवायची असेल तर छोट्या क्लिपा १८ मिमीच्या फळीवर बसत नाहीत, ५१ मिमीची मोठी क्लिप लागते.

आता नापास. कागदी अंड्यांचा ट्रे दागिन्यांसाठी सुचवला जातो; तो धुता येत नाही आणि अंड्यावरचे जंतू त्यात राहू शकतात. बर्फाचा ट्रे तेच काम स्वच्छ करतो. पत्र्याचा डबा ब्रश ठेवायला बाथरूममध्ये नको, कापलेल्या कडेपासून गंज चढतो आणि फरशीवर तांबडं कडं उमटतं. कोरड्या जागी पेनांसाठी ठीक, पण आतली कड बोटाला लागत नाही ना, ते आधी पाहा. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत फिनेल किंवा अ‍ॅसिड भरून ठेवणं ही तर काटकसरच नव्हे. लेबल लावलं तरी अंधारात तहानलेला माणूस ते वाचत नाही.