मांडवीवरच्या कसिनोत पत्ते मोजणाऱ्याने कुठे बसावं?

माझं मत स्पष्ट आहे: ब्लॅकजॅकला (एकवीसच्या जवळ जाण्याच्या पत्त्यांच्या खेळाला) शक्यतो रिकामं टेबल धरा. डीलरसमोर एकटे असलात की तासाला दीड-दोनशे हात निघतात. सात जण बसले की जेमतेम पन्नास-साठ. निघालेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मोजणाऱ्याची आघाडी टक्काभराची, ती भरपूर हात खेळल्यावरच फळते. शिवाय मोजणी चढल्यावर, म्हणजे मोठे पत्ते जास्त उरल्यावर, शूमधले (पत्ते वाटायच्या पेटीतले) उरलेले एक्के-राजे भरल्या टेबलावर सगळ्यांत वाटले जातात.

भरल्या टेबलावर शेवटची खुर्ची मिळाली, तर निर्णयाआधी बरेच पत्ते दिसतात. मोजणी अशी: निघालेली दुर्री ते छक्की अधिक एक, दश्शी ते एक्का उणे एक, मधले शून्य. नवख्याला हे जुळवायला वेळ मिळतो. डावावर लावलेली वाढीव रक्कमही गर्दीत झाकली जाते.

शेजाऱ्याने चुकीचा पत्ता मागितला म्हणून चिडू नका, त्याने तुमची सरासरी बिघडत नाही. खेळलेले पत्ते लगेच परत घेऊन सतत पिसणारं यंत्र दिसलं, तर मात्र रिकाम्या-भरल्या दोन्ही टेबलांवर मोजणी व्यर्थ.