१६ लिटरचा बॅटरी पंप : दादानं पास केला तेव्हाच वावरात गेला

जूनमध्ये तालुक्याच्या कृषी केंद्रातून १६ लिटरचा बॅटरीचा फवारणी पंप आणला. २,८०० रुपये, माझ्या कमाईचे. दादाला न विचारता घेतलेली माझी ही पहिली वस्तू. बाबा गेल्यापासून बियाण्याच्या थैलीपासून बहिणीच्या लग्नापर्यंत सगळं दादाच ठरवतो.

दादा काही बोलला नाही. टाकीत साधं पाणी भरलं, पंप पाठीवर घेतला आणि अंगणात खाली वाकला. शर्ट मानेपासून कमरेपर्यंत ओला. "वापस कर."

वाईट वाटलं, पण कारण मला माहीत होतं. २०१७ साली पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढली होती आणि जुन्या हातपंपाचं झाकण गळायचं. दादा दिवसभर ओल्या पाठीनं फवारत राहिला. रात्री ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी, मग चार दिवस सलाईन. त्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. दादा वाचला. मी तेव्हा बारावीत होतो. तेव्हापासून लाल त्रिकोणाचा, म्हणजे सगळ्यात जहाल विषाचा डबा आमच्या घरात येत नाही, आणि माझ्या पाठीवर पंप चढत नाही.

दुकानदारानं कटकट न करता झाकणाचा वायसर बदलून दिला. दादा पुन्हा वाकला. या वेळी शर्ट कोरडा.

आता पंपाचं. मोटर दमदार आहे, फवारा शेवटच्या टाकीपर्यंत एकसारखा. दांडा हलवायचा नसल्यामुळे दादाचा डावा खांदा यंदा दुखला नाही. माझे पैसे तिथंच वसूल झाले. एका चार्जिंगवर बारा-तेरा टाक्या निघतात. जाळी रोज धुवा, नाहीतर नोझल चोंदते. पट्टे मात्र फारच पातळ. भरलेला पंप वीस किलोच्या वर जातो, खांद्यावर वळ उठतात. आईनं जुन्या गोधडीचे तुकडे शिवून लावले तेव्हा जमलं.

तिसऱ्या फवाऱ्याला मी म्हटलं, "दादा, आता माझ्याजवळ दे."

"तू पाणी आन. मी आहो ना."

दादाचं बाकी सगळं मी ऐकतो, पण हे मला पटत नाही. त्याचीही दोन लेकरं आहेत. पुढच्या हंगामात पुन्हा मागीन.

पंप घ्यायचा असेल तर दुकानातच साधं पाणी भरा, पाठीवर घ्या आणि चांगले खाली वाका. दुकानदार काय म्हणेल ते म्हणू द्या.