पीनट बटर-जेली सँडविच: लगेच खायचं की डब्यात न्यायचं?

अमेरिकेत मूल शाळेत जायला लागलं की काही दिवसांतच पोळी-भाजीचा डबा अर्धा परत येतो आणि फर्माईश होते, "मला पीबी अँड जे दे," म्हणजे पीनट बटर-जेली सँडविच. करायला पाच मिनिटं लागत नाहीत. वेळ जातो तो दुकानात, बरण्यांच्या रांगेसमोर. माझं मत सांगते: कोणती बरणी घ्यायची हे सँडविच कधी खाल्लं जाणार त्यावर ठरवा.

आधी पीनट बटर. 'नॅचरल' बरणीत फक्त भाजलेले दाणे, फार तर मीठ. चव खमंग, पण तेल वर येतं, तळापासून ढवळावं लागतं, आणि फ्रिजमध्ये ठेवलं की इतकं घट्ट होतं की लावताना ब्रेड फाटतो. जिफ, स्किपी यांसारख्या नेहमीच्या बरण्यांत थोडी साखर आणि हायड्रोजनेटेड (प्रक्रिया करून घट्ट केलेलं) तेल असतं, त्यामुळे तेल सुटत नाही आणि सुरी सरसर फिरते. साखरेच्या भीतीने अनेक जण नॅचरलकडे वळतात. पण दोन मोठ्या चमच्यांत दोन्हींचे उष्मांक साधारण 190 आणि प्रथिनं 7 ग्रॅम. साखरेचा फरक जेमतेम दोन-तीन ग्रॅमचा. त्याउलट जेलीच्या एका चमच्यात दहा-बारा ग्रॅम साखर जाते. काटकसर करायचीच तर तिथे करा. घरी टोस्टवर लगेच खायला नॅचरल उत्तम. डब्यासाठी मी नेहमीचंच घेते, कारण पातळ नॅचरलचं तेल दुपारपर्यंत ब्रेडमध्ये उतरतं. एक बघा: अमेरिकी नियमानुसार 'पीनट बटर' म्हणवायला 90 टक्के दाणे लागतात. लेबलावर 'स्प्रेड' दिसलं तर मागची यादी वाचा.

आता गोड बाजू. जेली फळाच्या गाळलेल्या रसाची, जॅम ठेचलेल्या फळाचा, प्रिझर्व्हमध्ये फोडी. जेली सहसा पेक्टिन या फळांतल्या घटकाने घट्ट होते, प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनने नव्हे, म्हणून शाकाहारी घरातही चालते. अस्सल अमेरिकी पसंती म्हणजे कॉन्कर्ड द्राक्षांची जांभळी जेली. ही जात मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावात इफ्रेम बुल यांनी 1849 मध्ये तयार केली. मुलांना ती आवडते, मला नुसती गोडमिट्ट लागते. या सँडविचची छापलेली सर्वांत जुनी ज्ञात कृती 1901 ची, ज्युलिया डेव्हिस चँडलर यांची. तिच्यात करंट (एक छोटी बेरी) किंवा क्रॅब अ‍ॅपल (छोटं सफरचंद) यांची जेली आहे, म्हणजे दोन्ही आंबटसर फळं. त्यामुळे रास्पबेरीचा आंबट जॅम घेतलात तर परंपरा मोडली असं कुणी म्हणू नये! शिवाय दाट जॅम डब्यात कमी पाझरतो.

ब्रेडबद्दल फार बोलायला नको. मऊ पांढरा मुलं संपवतात, गव्हाचा जरा टिकाव धरतो.

खरी मेख लावण्यात आहे. लगेच खायचं असेल तर एका स्लाइसला पीनट बटर, दुसऱ्याला जेली, बस्स. डब्यासाठी मात्र दोन्ही स्लाइसना पीनट बटरचा पातळ थर लावा आणि जेली मध्येच ठेवा, कडेला बोटभर जागा सोडून. या थरामुळे जेलीची ओल ब्रेडपर्यंत पोचत नाही.

तयार गोठवलेलं घ्यावं का? स्मकर्स कंपनीचं अनक्रस्टेबल्स म्हणजे कडा कापलेलं, दाबून बंद केलेलं गोल सँडविच. त्याच्यावर 1999 मध्ये चक्क पेटंट मिळालं होतं, पुढे ते रद्द झालं. फ्रीजरमधून काढून डब्यात टाकलं की मधल्या सुट्टीपर्यंत वितळतं. सकाळी बस पकडायची घाई असेल तर सोय आहे. पण घरच्यापेक्षा महाग, आणि आत किती गोड घालायचं ते आपल्या हातात नाही.

काहीही घेण्याआधी शाळेला विचारा. दाण्याच्या अ‍ॅलर्जीमुळे अनेक शाळांत पीनट बटरला बंदी असते. तिथे बहुधा सूर्यफुलाच्या बियांचं बटर चालतं, पण दिसायला ते हुबेहूब पीनट बटर. म्हणून डब्यावर तशी चिठ्ठी चिकटवून द्या.