गुण देणाऱ्यालाही गुण : मूडलमधील ‘वर्कशॉप’

बी.एड.च्या छात्रशिक्षकांच्या कृतिसंशोधनाला (स्वतःच्या वर्गातील अडचणीवर केलेल्या छोट्या अभ्यासाला) प्राध्यापकांनीच गुण द्यावेत ही रीत सोयीची खरी, पण ज्यांना पुढे आयुष्यभर दुसऱ्यांचे काम तपासायचे आहे त्यांना तपासण्याचा सराव तीतून मिळत नाही. मूडल या विनामूल्य अध्यापन-प्रणालीतील ‘वर्कशॉप’ हे साधन ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढते.

अहवाल जमा झाले की ते सहाध्याय्यांमध्ये यादृच्छिक पद्धतीने वाटता येतात, आणि समस्येची मांडणी, नमुना निवड, माहिती संकलनाची साधने, निष्कर्ष असे निकष असलेली रूब्रिक (निकषवार गुणतक्ता) शिक्षकाला स्वतः तयार करता येते. मात्र या साधनाची खरी खुबी दुहेरी गुणदानात आहे. मूळ मांडणीत अहवालाला 80 आणि इतरांचे अहवाल तपासण्याच्या कामाला 20 गुण असतात. हे प्रमाण बदलता येते आणि छात्रशिक्षकांच्या बाबतीत दुसरा आकडा वाढवावा, असे माझे मत आहे.

अडचणही नेमकी तिथेच आहे. तपासणीचे गुण ठरवताना एकाच अहवालाची सर्व मूल्यांकने एकमेकांशी ताडली जातात आणि सरासरीच्या सर्वांत जवळचे मूल्यांकन उत्तम मानले जाते. त्यामुळे मैत्रीखातर सगळ्यांनी भरभरून गुण दिले, तर काटेकोरपणे तपासणाराच तोट्यात जातो. शिक्षकाने स्वतःचेही मूल्यांकन करून त्याला जास्त भार देणे आणि आधी नमुना अहवाल तपासायला लावणे, हे दोन उपाय साधनातच आहेत. ते न वापरता केलेले गुणदान मी विश्वासार्ह मानणार नाही.

अहवाल लिहिणाऱ्यांची नावे लपवायची तर मूडलमधील परवानग्यांच्या (कोणाला काय दिसावे हे ठरवणाऱ्या) रचनेत शिरावे लागते, आणि एवढे करूनही अहवालात सरावपाठाच्या शाळेचे नाव असले की लेखक कोण हे वर्गाला कळतेच.

प्रत्यक्ष सादरीकरणाचा प्रश्न वेगळा आहे. वर्कशॉपला जमा केलेला मजकूर किंवा फाइलच दिसते. आवाजाची फेक, फळ्याचा वापर किंवा प्रश्नांना दिलेली उत्तरे तपासायची असतील तर चित्रफीत जोडावी लागते. शिवाय संपूर्ण वर्गाने प्रत्येक सादरीकरणाला गुण द्यायचे म्हटले, तर 40 जणांच्या वर्गात 1,560 मूल्यांकने होतात. म्हणून अहवालांसाठी वर्कशॉप अवश्य वापरावे. सादरीकरणाच्या वेळी मात्र छापील पदनिश्चयन श्रेणीच (प्रत्येक बाबीला उतरत्या-चढत्या दर्जाच्या खुणा करण्याचा तक्ता) हाती द्यावी.