मैत्रिणीने दिलेला सामानाचा काटा : सात महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात मी मुलीकडे जर्मनीला निघाले, त्याच्या पंधरा दिवस आधी माझी शाळेपासूनची मैत्रीण वेंगुर्ल्यातल्या घरी आली आणि पडवीत बसल्या बसल्या तिने पिशवीतून हाताच्या मुठीएवढा डिजिटल ताणकाटा काढून माझ्यापुढे ठेवला. "आता पुरे गो तुझा अंदाजपंचे," एवढेच ती म्हणाली. तिच्या बोलण्याला इतिहास होता. मागच्या खेपेला घरच्या उभे राहून वजन करायच्या काट्यावर आधी स्वतःचे, मग बॅगेसकट असे वजन घेऊन मी वजाबाकी केली होती. प्रत्यक्षात बॅग दोन किलो जास्त भरली आणि मुंबईच्या विमानतळावर, मागे रांग उभी असताना, कुळथाचे पीठ आणि आगळाची बाटली मला बाहेर काढावी लागली. मुंबईकराचे माणूस दाराशी थांबलेले असते, काढलेले सामान ते घरी नेते. आमचे घर तिथून सुमारे ५०० किलोमीटरवर, त्यामुळे काय न्यायचे आणि काय ठेवायचे हे कुडाळला गाडीत चढण्यापूर्वीच ठरलेले बरे.

काटा ५० किलोपर्यंत वजन दाखवतो. आत धातूची एक छोटी पट्टी असते. भार आला की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. म्हणूनच हात हलला की आकडाही नाचतो. स्थिर झाला की काटा एकदा वाजतो आणि आकडा पडद्यावर गोठतो, परंतु माझ्या वयाच्या बाईने २३ किलोची बॅग हाताने उचलून तेवढा वेळ स्थिर धरणे ही जाहिरातीतली गोष्ट आहे. मी पडवीच्या वाशाला दोरी बांधून काटा तिला अडकवते आणि बॅग खालून पाटाचा आधार देत टांगते. अशा रीतीने तीनदा मोजले तरी आकड्यात ५० ग्रॅमपेक्षा अधिक फरक पडला नाही. हुकाऐवजी पट्टा असलेला प्रकार मैत्रिणीने निवडला होता, तेही योग्यच, कारण बॅगेची जाड मूठ हुकात नीट बसत नाही.

या भेटीतला खरा विचार मात्र डब्याच्या झाकणावर होता. मैत्रिणीचा काजूचा कारखाना आहे. तिथली लोखंडी वजने दर २ वर्षांनी वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावी लागतात. तिने त्या वजनांवर हा काटा आधीच पारखला होता आणि झाकणाच्या आत चिठ्ठी डकवली होती : १० किलोला बरोबर, २० किलोला १०० ग्रॅम कमी दाखवतो. दुकानातून आणलेली वस्तू कोणीही भेट देतो. तिचा दोष मोजून, लिहून देणारे माणूस विरळा. माझ्या काट्यावर २२.७ भरलेली बॅग विमानतळावर २२.८ भरली.

अर्थात काटा फक्त वजन सांगतो. सुके खोबरे मी न मोजताच बाजूला काढले होते, कारण विमानवाहतुकीच्या नियमांत ते आपोआप तापणाऱ्या पदार्थांत मोडते. घरचे तूपही राहिले, कारण दुधाचे पदार्थ प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत. त्यामुळे सोलांना आणि आंब्याच्या साठांना जागा झाली.

तक्रारी दोन आहेत. किलोचे पौंड करणारे बटण इतके उघड्यावर आहे की धक्क्याने ते दाबले जाते. परतीच्या आदल्या रात्री २२.८ च्या जागी ५०.३ वाचून मी अर्धी बॅग रिकामी केली, आणि मग लेकीने तो आकडा पौंडांतला असल्याचे दाखवले. दुसरी तक्रार आमच्या हवेची. ऑगस्टमध्ये काटा बंद पडला. सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी जिथे टेकते, त्या पत्र्यावर हिरवा थर चढला होता. खोडरबराने घासल्यावर तो चालू झाला. आता वापर संपला की मी बॅटरी काढून ठेवते.

घरी त्याचा सर्वांत मोठा उपयोग गॅसच्या टाकीसाठी झाला. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवायचे आणि टांगून पाहायचे. शेजारच्या दोन घरांनीही तेवढ्यासाठी काटा नेला. एका किलोच्या आतल्या वजनाला मात्र तो कामाचा नाही. पाव किलो कोळंबी दोनदा मोजली तर दोन उत्तरे येतात.

ऑक्टोबरमध्ये मी काटा घेऊन कारखान्यात गेले आणि आम्ही दोघींनी तो पुन्हा त्याच वजनांवर लावला. २० किलोला आता १५० ग्रॅम कमी दाखवतो. पावसाळ्यात शाई पसरलेली जुनी चिठ्ठी तिने नखाने खरवडून काढली, नवी डकवली आणि या वेळी तिच्यावर तारीखही घातली.