टॉर्ट्ससाठी सप्लिमेंट कुठलं घ्यायचं: ग्लॅननचं ई अँड ई, इमॅन्युएल, हॉर्नबुक की नुसते केस ब्रीफ्स?

अमेरिकेत जेडीच्या, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला टॉर्ट्स (एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई कशी मागायची त्याचा दिवाणी कायदा) जवळपास सगळीकडे कम्पल्सरी असतं, आणि सेमिस्टर सुरू होऊन महिना झाला की वर्गातल्या निम्म्या लोकांना वाटायला लागतं की नुसत्या केसबुकवर (वर्गात लावलेलं, कोर्टाच्या निकालांचं पुस्तक) आपलं काही खरं नाही. मग एक सीनियर सांगतो हे घे, रूममेट म्हणते ते घे, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत टेबलावर तीन-चार जाडजूड पुस्तकं येऊन पडतात ज्यांची पहिली चाळीस पानं सोडून बाकी सगळं कोरं करकरीत असतं. माझं मत आधीच सांगून टाकते. टॉर्ट्सला एकच सप्लिमेंट, म्हणजे केसबुकच्या जोडीचं मदतीचं पुस्तक, घ्या, आणि ते असं घ्या की जे तुम्हाला उत्तर लिहायला बसवेल. समजावून सांगणारी पुस्तकं ढिगाने मिळतात, पण टॉर्ट्समध्ये न समजण्याचा प्रॉब्लेम खरं तर फारसा नसतोच.

म्हणजे बघा, सिव्हिल प्रोसीजर किंवा प्रॉपर्टीत नियम स्वतःच किचकट असतात, तिथे कोणीतरी हात धरून समजावणं लागतंच. टॉर्ट्समध्ये निग्लिजन्सचे, म्हणजे निष्काळजीपणाच्या दाव्याचे, एलिमेंट्स ड्यूटी (काळजी घ्यायची जबाबदारी), ब्रीच (ती न पाळणं), कॉझेशन (त्यामुळेच नुकसान झालं हे), डॅमेजेस (नुकसान), झालं. बॅटरीची (मुद्दाम दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याची) व्याख्या दोन ओळींत बसते. सगळा ब्लॅक लेटर लॉ, म्हणजे ठरलेले नियम, नीट लिहिला तर पंधरा-वीस पानांत येईल, आणि तो वर्गातल्या सगळ्यांनाच पाठ असतो. मार्क कुठे जातात तर परीक्षेत एक लांबलचक फॅक्ट पॅटर्न येतो, त्यात सहा-सात माणसं एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात, कोण कोणावर कशासाठी दावा लावेल ते शोधायचं, आणि मग प्रत्येक एलिमेंटवर फिर्यादीच्या बाजूने काय म्हणता येईल, डिफेंडंट काय म्हणेल, हे त्याच फॅक्ट्स वापरून भांडायचं. नियम बरोबर लिहिलात आणि पुढे "म्हणून डिफेंडंट जबाबदार आहे" एवढंच लिहून पुढे गेलात तर हातात फार काही येत नाही.

आता पुस्तकांकडे. कुठलंही सप्लिमेंट जोखायचं असेल तर त्यातलं प्रॉक्सिमेट कॉजचं (नुकसानाची जबाबदारी कुठपर्यंत जाते त्याचं) प्रकरण उघडा आणि ते पाल्सग्राफचं काय करतं ते बघा. १९२८ची न्यूयॉर्कची केस, सगळ्यांना वाचावीच लागते. चालत्या गाडीत चढणाऱ्या माणसाला रेल्वेच्या लोकांनी हात दिला आणि मागून ढकललं, त्याच्या हातातलं पुडकं पडलं, त्यात निघाले फटाके, स्फोट झाला आणि लांब उभ्या असलेल्या पाल्सग्राफ बाईंच्या अंगावर वजनकाटा पडला. बहुमताच्या निकालात न्यायाधीश कार्डोझो म्हणाला की त्यांच्याप्रती ड्यूटीच नव्हती, न्यायाधीश अँड्र्यूजने डिसेंटमध्ये, म्हणजे विरोधी मतात, म्हटलं की ड्यूटी सगळ्यांप्रती असते, खरा प्रश्न प्रॉक्सिमेट कॉजचा आहे. निकाल चार विरुद्ध तीन.

केस ब्रीफ्सची (एकेका केसच्या सारांशांची) पुस्तकं किंवा सबस्क्रिप्शनवाल्या साइट्स तुम्हाला एवढंच देतात, म्हणजे मी वर जे लिहिलं ते जरा नीटनेटकं करून. कोल्ड कॉलला, म्हणजे प्रोफेसरनी वर्गात अचानक विचारलं म्हणून, उभं राहायची वेळ आली तर जीव वाचतो, रात्री एकला वाचायला पन्नास पानं उरली असतील तर चालतं. पण परीक्षेत पाल्सग्राफमध्ये काय झालं हे कोणी विचारत नाही. त्यामुळे ह्यावर पैसे घालवू नका, आणि दुसरं म्हणजे केसमधून रूल स्वतः काढायची सवयच लागत नाही, ती पहिल्या सेमिस्टरलाच लागावी लागते.

इमॅन्युएलची आउटलाइन (अख्ख्या विषयाचा मुद्दे काढून केलेला सारांश) हा वेगळा प्रकार. पाल्सग्राफ येतं, त्याखाली कार्डोझोचा नियम, अँड्र्यूजचा नियम, मग अपवाद, सगळं मुद्देसूद, नंबर घातलेलं. सुरुवातीला कॅप्सूल समरी असते आणि तुमच्या केसबुकचं कुठलं पान इमॅन्युएलच्या कुठल्या पानाशी जुळतं त्याचा तक्ता पण असतो, तो खरंच कामाचा आहे. ज्यांचे प्रोफेसर नुसते प्रश्नावर प्रश्न विचारतात आणि तास संपला तरी नियम काय होता ते सांगत नाहीत (असे बरेच असतात), त्यांच्यासाठी हे पुस्तक म्हणजे मोठा आधार. धोका एकच पण मोठा आहे, दुसऱ्याने केलेली आउटलाइन हातात असली की स्वतःची करायची इच्छाच मरते. टॉर्ट्सची आउटलाइन करताना जी डोकेफोड होते, म्हणजे हा मुद्दा ड्यूटीत घालू की प्रॉक्सिमेट कॉजमध्ये, ह्याला ब्रीच म्हणू की नको, तीच डोकेफोड परीक्षेत करायची असते. ती इमॅन्युएलने तुमच्याआधीच करून ठेवलेली आहे.

ग्लॅननचं एक्झाम्पल्स अँड एक्स्प्लनेशन्स, सगळे त्याला ई अँड ई म्हणतात, त्याची पद्धत अशी की आधी थोडक्यात विषय, मग छोटे छोटे काल्पनिक प्रसंग, आणि मग त्यांची सविस्तर उत्तरं. माझं मत ह्याच्या बाजूने का ते दाखवायला मी स्वतःचाच एक प्रसंग रचते. डिलिव्हरीचा ड्रायव्हर ट्रकचं मागचं दार नीट न लावता निघतो, वळणावर एक खोकं रस्त्यात पडतं, मागून येणारी सायकलवाली ते चुकवायला झटकन वळते आणि फुटपाथवरच्या एका आजोबांना धडकते. आजोबांची हाडं आधीच ठिसूळ, दुसऱ्या कोणाला नुसतं खरचटलं असतं तिथे त्यांचं मांडीचं हाड मोडतं, आणि वर हॉस्पिटलात डॉक्टर चुकीच्या पायाचं ऑपरेशन करतो.

आउटलाइनमध्ये ह्यातली प्रत्येक गोष्ट सापडेल, एगशेल प्लेंटिफ (आधीच नाजूक असलेला फिर्यादी) एका पानावर, इमर्जन्सी डॉक्ट्रिन (अचानक संकटात केलेल्या कृतीला सवलत) दुसऱ्या पानावर, नंतर झालेली मेडिकल निग्लिजन्स तिसऱ्या. पण भांडण कुठे आहे ते तिथे दिसत नाही. लिहायला बसलात की दिसतं. ठिसूळ हाडांवर डिफेंडंटला फार बोलता येणार नाही, कारण कुठल्या प्रकारची इजा होऊ शकते हे आधी दिसायला हवं, ती किती मोठी होईल हे दिसायची गरज नाही. सायकलवाली अचानक आलेल्या संकटात वळली त्यामुळे ट्रकवाल्याला साखळी तिथे तोडता येणं कठीण, पण ती मुळात फुटपाथला चिकटून भरधाव जात होती का, हा फॅक्ट प्रश्नात दिला असेल तर मात्र तिच्यावरही दावा लागतो आणि तिथे अजून एक परिच्छेद लिहावा लागतो. डॉक्टरची साधी चूक असती तर ती पहिल्या डिफेंडंटच्या खात्यात जमा होते, कारण माणसाला जखमी केलं की तो हॉस्पिटलात जाणार आणि तिथे कधीकधी चुका होणार हे धरलेलंच आहे. पण चुकीचा पाय? इथे ट्रकवाल्याचा वकील उभा राहून म्हणेल की ही साधी चूक नाही, इतकी अचाट गोष्ट आमच्या रिस्कमध्ये येत नाही, आणि समोरचा म्हणेल की अहो, ऑपरेशनमधल्या चुकाच तर ह्या. हे दोन्ही लिहिलं की मार्क पडतात. आणि हे सगळं करताना ड्रायव्हर कामावर होता म्हणून कंपनीवर रिस्पॉन्डियाट सुपीरियरने (नोकराच्या चुकीला मालक जबाबदार ह्या नियमाने) दावा लागतो हे निम्मे लोक विसरतात, ते वेगळंच.

ई अँड ई असल्या विचाराची सवय लावतं. अट एक, उत्तर झाकून आधी स्वतः पाच-सात ओळी लिहायच्या. गोष्टीच्या पुस्तकासारखं प्रश्न-उत्तर-प्रश्न-उत्तर वाचत गेलात तर ते गाइडात मागची उत्तरं बघून गणितं सोडवल्यासारखं होतं, सगळं येतंय असं वाटतं आणि डिसेंबरमध्ये कळतं. आणि तुमचा अभ्यासक्रम आणि पुस्तकाची अनुक्रमणिका जुळवून बघा, काही प्रोफेसर डिफेमेशनला (बदनामीला) दोन आठवडे देतात, काही त्याला हातसुद्धा लावत नाहीत.

हॉर्नबुकबद्दल, म्हणजे एकाच विषयावरच्या सविस्तर संदर्भग्रंथाबद्दल, थोडक्यात. प्रॉसर अँड कीटन हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं आणि ते आहेच तसं, पण पाचवी एडिशन १९८४ची आहे. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय. आज पूर्वीसारखं काँट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणजे फिर्यादीची थोडी चूक असली तरी दावा संपला, हे फक्त अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत उरलंय, आणि डीसीनेही पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी ते सैल केलंय. थर्ड रिस्टेटमेंटचा (टॉर्ट्सचे नियम एकत्र मांडणाऱ्या संदर्भग्रंथाच्या तिसऱ्या मालिकेचा) प्रॉडक्ट्स लायबिलिटीचा भाग १९९८चा, शारीरिक इजेचा पहिला खंड २०१०चा, हे सगळं त्यात असणारच नाही. हॉर्नबुकच हवं असेल तर डॉब्स, हेडन आणि बब्लिक यांचं बघा. पण विकत कशाला घ्यायचं, लायब्ररीत रिझर्व्हवर असतं, एखादा मुद्दा अगदीच डोक्यात शिरत नसेल तेव्हा जाऊन तेवढी दहा पानं वाचून यायची. शेवटपर्यंत वाचेन म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

फुकटातलं एक राहिलंच. कॅली नावाची ना-नफा संस्था आहे, मिनेसोटा आणि हार्वर्डच्या लॉ स्कूलनी १९८२मध्ये सुरू केलेली, तिचे ऑनलाइन धडे मेंबर लॉ स्कूलच्या मुलांना फुकट असतात आणि अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या लॉ स्कूल मेंबर आहेत. नाव नोंदवायचा कोड लायब्ररीत मागायचा. इंटरफेस जुनाट वाटतो, पण बॅटरी आणि असॉल्टसारख्या इंटेन्शनल, म्हणजे मुद्दाम केलेल्या, टॉर्ट्सच्या सरावाला मस्त आहे. त्याच खिडकीवर हेही विचारा की सप्लिमेंट्सचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी असतं आणि मुलं बिचारी तीच पुस्तकं दुकानातून विकत आणतात.

ह्या सगळ्यात प्रोफेसर कोण आहे त्याने गणित बदलतं. तुमचे प्रोफेसर लॉ अँड इकॉनॉमिक्सवाले असतील आणि १९४७च्या कॅरोल टोइंगमधला लर्नेड हँडचा फॉर्म्युला, म्हणजे खबरदारीचा खर्च विरुद्ध धोक्याची शक्यता गुणिले नुकसान, दर तासाला फळ्यावर येत असेल तर परीक्षेतही तेच लिहायचं, पुस्तकात त्याला दीड पानच दिलं असलं तरी. सप्लिमेंट एक सांगतंय आणि प्रोफेसर दुसरं, तर पेपर प्रोफेसर तपासणार आहेत. त्यांचे जुने पेपर मिळत असतील तर ते आधी, बाकी सगळं नंतर. आणि पेपर मल्टिपल चॉइसचा असेल तर ई अँड ईच्या ऐवजी ग्लॅनन गाइड घ्या, नाव ग्लॅननचं असलं तरी टॉर्ट्सचं रिचर्ड हेसन यांनी लिहिलंय, तिथे प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा हे सोडवून दाखवलेलं असतं. ते पुढे बार एक्झामलाही (वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेलाही) उपयोगी पडतं, एमबीईत, म्हणजे त्यातल्या मल्टिपल चॉइसच्या भागात, टॉर्ट्सचे जे प्रश्न येतात त्यातले साधारण निम्मे निग्लिजन्सचेच असतात.

एडिशनचं म्हणाल तर ई अँड ई किंवा इमॅन्युएलची एखाददुसरी मागची, सेकंडहँड, आरामात चालते, निग्लिजन्स दर दोन वर्षांनी बदलत नाही. फक्त केसबुकशी जुळवायचा तक्ता जुना निघेल. आणि प्रोफेसर प्रॉक्सिमेट कॉज हा शब्दच न वापरता सारखं स्कोप ऑफ लायबिलिटी म्हणत असतील तर ते थर्ड रिस्टेटमेंट धरून शिकवतायत असं समजा, मग २०१०च्या आधीची एडिशन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.